तळेगावच्या उमाबाई

डभईची लढाई, १ एप्रिल १७३१. इतिहासाच्या पेपरात कारणे द्या किंवा टिपा लिहा यात हमखास येणारी. पुस्तकात तिला तीनचार ओळी असायच्या. सेनापती त्र्यंबकराव दाभाडे निजामाला मिळाला, बाजीरावाने त्याचा पराभव केला, त्र्यंबकराव लढाईत पडला, पेशव्यांचे वर्चस्व सिद्ध झाले. झालं! मुलं एवढंच पाठ करायची आणि पुढे वसईच्या मोहिमेकडे जायची. इतकी वर्षं हा धडा शिकवताना माझ्या मनात एक प्रश्न हटकून यायचा. मेलेल्या सेनापतीची आई होती ना? तिचं पुढे काय झालं? पुस्तकात ती यायची नाही.

ती आई म्हणजे उमाबाई दाभाडे. निवृत्तीनंतर वेळच वेळ होता, तेव्हा तिच्याविषयी सापडेल ते वाचत गेले. आज तिच्याबद्दल लिहावं म्हणते. लेख जरा लांबेल, वाचणाऱ्यांनी चहा घेऊन बसावं.

आधी एक गोष्ट सांगून टाकते. आम्ही हेदवीचे. आमच्या दशभुजा गणपतीच्या देवळाला पेशव्यांकडून पैसा मिळाला असं गावात सगळे सांगतात. बाळाजी विश्वनाथ मूळचा श्रीवर्धनचा, चिपळूणला मिठाच्या कारभारात होता, म्हणजे आपल्याकडचाच. पेशव्यांना कोणी नाव ठेवलं की आमच्याकडची जुनी माणसं तोंड फिरवून बसत. त्यामुळे पेशव्यांच्या विरुद्ध बाजूला उभ्या असलेल्या बाईची गोष्ट आमच्या बाजूला कोणी सांगितलीच नाही. पेशव्यांचं मीठ खाल्लेल्यांनी ती वाचायला हवी असं मला वाटतं. मीठच नाही, जेवणसुद्धा. त्याबद्दल पुढे येतेच.

उमाबाई नाशिककडच्या. अभोण्याच्या ठोके देशमुखांची मुलगी. सप्तशृंगी गडावरच्या दगडी पायऱ्या तिने १७१० साली बांधल्या असं सांगतात. वणीला गेलेल्यांपैकी किती जणांना हे माहीत असतं कोण जाणे! सासर तळेगावचं. नवरा खंडेराव दाभाडे. तीन मुलगे, त्र्यंबकराव, यशवंतराव आणि बाबूराव. शिवाय तीन मुली.

ही बाई ज्या काळात संसार करत होती तो काळ घरातल्या भांडणाचा होता. औरंगजेब १७०७ मध्ये मेला, संभाजीराजांचा मुलगा शाहू कैदेतून सुटून आला आणि ताराबाईने त्याला वारस मानायला नकार दिला. ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडला लढाई झाली. मराठ्यांच्या विरुद्ध मराठेच. सत्तावीस वर्षं मोगलांशी झुंजलेली माणसं एकमेकांसमोर उभी राहिली. साताऱ्याला एक गादी आणि कोल्हापूरच्या बाजूला दुसरी. सरदार आज इकडे तर उद्या तिकडे. धनाजी जाधव ताराबाईकडून शाहूकडे आला, तर त्याचाच मुलगा चंद्रसेन शाहूला सोडून गेला. अशा काळात सरदाराच्या बायकोला नवरा कोणत्या बाजूला आहे हे रोज विचारून घ्यावं लागत असेल!

खंडेराव शाहूच्या बाजूला राहिला. ११ जानेवारी १७१७ ला शाहूने त्याला सेनापती केलं. गुजरातेत मराठ्यांचं पाऊल रोवलं ते याच घराण्याने. १७२० च्या बाळापूरच्या लढाईत त्याच्या पदरचा दमाजी गायकवाड नावाचा शिपाई गाजला आणि शाहूने त्याला समशेर बहादर हा किताब दिला. बडोद्याच्या गायकवाडांचा उदय तिथून. ते दाभाड्यांचे चाकर होते हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

२७ सप्टेंबर १७२९ ला खंडेराव गेला. उमाबाई विधवा झाली आणि त्र्यंबकराव सेनापती झाला, जानेवारी १७३० मध्ये. पण त्याच वर्षी चिमाजी अप्पाने गुजरातच्या सुभेदाराशी, सरबुलंदखानाशी, परस्पर करार करून गुजरातची चौथाई पेशव्याकडे घेतली. दाभाड्यांच्या दृष्टीने हे घरात शिरून ताटातलं उचलण्यासारखं होतं. त्र्यंबकराव चिडला आणि निजामाशी संधान बांधून बसला. हे वाईटच. निजामाने शाहूचं राज्य फोडायचे काय काय उद्योग केले होते ते बघता बाजीरावाला गप्प बसणं शक्य नव्हतं, हे मलाही पटतं. पण गुजरात दाभाड्यांनी मिळवला होता हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, पुस्तकात मात्र एकीलाच जागा मिळते.

डभईजवळ लढाई झाली आणि त्र्यंबकराव गोळी लागून पडला. ती गोळी त्याच्या सख्ख्या मामाची होती असंही सांगितलं जातं. खरं असेल तर विचार करा, उमाबाईच्या माहेरच्या माणसाने तिच्या मुलाला मारलं. भाऊबंदकी हा शब्द आपण किती सहज वापरतो.

आता तळेगावची ती प्रसिद्ध गोष्ट. उमाबाईचा राग शांत करायला शाहू महाराज स्वतः तळेगावला गेले. बाजीरावाला तिच्या पायांवर घातलं, तिच्या हातात तलवार दिली आणि सांगितलं की हा तुमचा अपराधी, याचं काय करायचं ते करा. उमाबाईने तलवार खाली ठेवली आणि क्षमा केली. अशी गोष्ट आहे. अगदी असंच घडलं का, हा भाग सोडा. गोष्ट सांगणारे शाहूचा मोठेपणा आणि बाईचा उदारपणा सांगतात. मला मात्र ही गोष्ट वाचताना दर वेळी अस्वस्थ व्हायला होतं. छत्रपती समोर उभे, दरबारची माणसं उभी, तिशीतला पेशवा पायांशी. त्या बाईने दुसरं काय करायचं होतं? तलवार चालवायची? दोन मुलगे अजून हाताशी होते, त्यांचं सेनापतीपद आणि जहागीर राजाच्या मर्जीवर होती. सगळ्यांसमोर क्षमा मागितली की ती द्यावीच लागते. घरोघरच्या बायकांना हे चांगलं माहीत आहे. दिराने चारचौघांत पाया पडून घेतलं की वाटणीचा विषय संपला!

विषय अर्थात संपला नाही. तह ठरला तो असा. सेनापतीपद दाभाड्यांकडेच राहील. गुजरातचा कारभारही त्यांचाच, पण गुजरातच्या वसुलाचा अर्धा भाग पेशव्यामार्फत सरकारात भरायचा. यशवंतराव लहान होता. नाव त्याचं आणि कारभार उमाबाईचा. मराठ्यांच्या इतिहासात सेनापतीपदाचा कारभार हाकलेली ही एकच बाई.

आणि इथे ते जेवण येतं. खंडेराव दाभाडे दर वर्षी तळेगावला ब्राह्मणांना जेवू घालत असे आणि दक्षिणा देत असे. दूरदूरचे वैदिक तिथे जात. त्र्यंबकराव पडल्यावर बाजीरावाने ही प्रथा पुण्यात आपल्याकडे चालू केली. पुढे पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात श्रावणात जी दक्षिणा वाटली जायची, तिचं मूळ हे. पेशवाईत ती लाखांच्या घरात गेली. आपल्या कोकणातले किती वैदिक भर पावसात घाट चढून त्या दक्षिणेसाठी पुण्याला जात! आपल्यापैकी अनेकांच्या घरी ही आठवण अभिमानाने सांगतात, की आमचे पणजोबा, खापरपणजोबा रमण्यात परीक्षा देऊन दक्षिणा घेऊन आले. इंग्रज आल्यावर एल्फिन्स्टनने ५०,००० रुपये त्यासाठी ठेवले. त्यातूनच १८२१ मध्ये पुण्याची संस्कृत पाठशाळा निघाली आणि तिचं पुढे डेक्कन कॉलेज झालं. मालवणचे रा. गो. भांडारकर दक्षिणा फेलो होते. या सगळ्याच्या टोकाला तळेगावचं एक घर आहे, ज्याचा कर्ता मुलगा मारला गेला म्हणून तिथल्या पंगती पुण्याला हलल्या. रमण्याच्या आठवणी सांगताना तळेगावचं नाव कोणी घेतलेलं मी तरी ऐकलं नाही.

पुढच्याच वर्षी, १७३२ मध्ये, दाभाड्यांचा मुतालिक पिलाजी गायकवाड डाकोरला दग्याने मारला गेला. मारवाडचा राजा अभयसिंग तेव्हा गुजरातचा सुभेदार होता, त्याच्या माणसांनी हे केलं. तेव्हा उमाबाई स्वतः फौज घेऊन अहमदाबादवर गेली. याच्या कहाण्या फार रंगवून सांगतात. प्रेतांचे ढीग रचून त्यावरून तटावर चढली वगैरे. शाहूने तिच्या पायात सोन्याचे तोडे घातले असंही म्हणतात. प्रत्यक्षात शहर काही हाती लागलं नाही, पण अभयसिंगाला तह करावा लागला. चौथाई आणि सरदेशमुखी कबूल, वर ८०,००० रुपये. मला तोड्यांपेक्षा हा आकडा जास्त आवडतो. सुतकातून उठून दोन वर्षांत बाईने वसुली करून आणली!

मधली पंधराएक वर्षं भराभर सांगते. यशवंतराव मोठा झाला, पण व्यसनात बुडाला. पिलाजीचा मुलगा, तोही दमाजीच, गुजरातेत बळावत गेला. अर्धा वसूल सरकारात भरायचा होता तो दाभाड्यांनी भरला नाही, आणि शाहूने तगादाही लावला नाही. पोरगा गमावलेल्या बाईकडे पैसे मागायला त्याला जड गेलं असावं. १७४० मध्ये बाजीराव गेला. नानासाहेब पेशवा झाला. असं हे दुखणं अंगावर काढणं चाललं होतं, ते १५ डिसेंबर १७४९ ला शाहू वारला तोपर्यंत.

शाहूला मुलगा नव्हता. ताराबाईने माझा नातू म्हणून रामराजाला पुढे आणलं आणि तो गादीवर बसला. पण १७५० च्या सप्टेंबरात सांगोल्याला रामराजाने सगळा अधिकार पेशव्याच्या हाती दिला. आता पेशव्याला थांबवणारं वर कोणी उरलं नाही. नानासाहेबाने उमाबाईकडे गुजरातचा अर्धा हिस्सा मागितला. तिने आधी यादो महादेव निरगुडे याला वकिलीला पाठवलं. जमलं नाही. मग ती स्वतः निघाली.

२२ नोव्हेंबर १७५०. आळंदी. मला या भेटीबद्दल सगळ्यात जास्त कुतूहल आहे. उमाबाई एकवीस वर्षांची विधवा. समोर नानासाहेब, तिशीच्या आतबाहेरचा. डभईला बाजीराव याच वयाचा होता. उमाबाईचं म्हणणं साधं होतं. तो तह आमच्यावर लादलेला होता, आम्ही राजीखुशीने केलेला नव्हता, तेव्हा तो आम्हाला बांधत नाही. म्हणजे एकोणीस वर्षांनी तिने सांगितलं की तळेगावला जे झालं ती क्षमा नव्हती, ती जबरदस्ती होती. नानासाहेबाने ऐकलं नाही. पेशवाईला कर्ज झालेलं होतं आणि त्याला पैसा हवा होता.

इंग्लंडच्या इतिहासात अशीच एक बाई आहे, निकोला दे ला हे. तिची गोष्ट इथे आठवते. लिंकनचा किल्ला तिच्याकडे वारसाने आलेला. १२१६ मध्ये तिथे राजा जॉन आणि बंडखोर सरदार यांचं युद्ध चालू होतं. राजा लिंकनला आला तेव्हा ही म्हातारी किल्ल्या घेऊन सामोरी गेली आणि म्हणाली की माझं वय झालं, आता हे ओझं घ्या. राजाने किल्ल्या तिलाच परत दिल्या. पुढच्या वर्षी तिने वेढ्यात किल्ला लढवला, मे महिन्यात मदत येऊन पोचेपर्यंत. किल्ला वाचला, आणि चार दिवसांत तो तिच्याकडून काढून राजाच्या चुलत्याला देऊन टाकला! बाई गप्प बसली नाही, दरबारात जाऊन भांडली आणि किल्ला परत मिळवला. उमाबाईच्या आळंदीला जाण्याची मला तिच्याशी तुलना करावीशी वाटते. फरक एवढाच की निकोलाला ऐकणारा दरबार होता. उमाबाईसमोर जो फिर्यादी तोच न्यायाधीश.

आळंदीच्या भेटीनंतर दोनच दिवसांनी, २४ नोव्हेंबरला, ताराबाईने चंपाषष्ठीच्या निमित्ताने रामराजाला साताऱ्याच्या किल्ल्यावर बोलावलं आणि तिथेच अडकवून ठेवलं. ताराबाई तेव्हा पंचाहत्तर वर्षांची! (आमच्या वयाच्या बायका गुडघ्यांच्या तक्रारी करतात.) या दोघींचं आधीपासून बोलणं झालेलं असणार असं माझं मत आहे. दोन दिवसांत असं सगळं जुळत नाही. उमाबाईने दमाजी गायकवाडाला पंधरा हजार फौज देऊन ताराबाईच्या मदतीला पाठवलं. नानासाहेब तेव्हा निजामाच्या सरहद्दीवर होता. दमाजी पुण्याच्या रोखाने येतोय म्हटल्यावर पेशव्याची आई काशीबाई आणि आजी राधाबाई पुणं सोडून सिंहगडावर गेल्या. बाजीरावाची विधवा, बाळाजी विश्वनाथाची विधवा, खंडेरावाची विधवा आणि राजाराम महाराजांची विधवा. त्या वर्षी या चौघींपैकी एकीलाही घरात स्वस्थ झोप लागली नसेल.

मग दमाजी पुण्याऐवजी साताऱ्याकडे वळला. १५ मार्च १७५१ ला साताऱ्याजवळ लिंब गावाशी त्याने पेशव्याच्या फौजेला हरवलं. पण पुढे डाव उलटला. तो कृष्णेच्या खोऱ्यात अडकला आणि नानासाहेब धावत परत आला. बोलणी सुरू झाली. पेशव्याने गुजरातचा अर्धा भाग आणि वर २५ लाख मागितले. दमाजी म्हणाला, मी तर चाकर, मालकिणीला विचारल्याशिवाय काही कबूल करता येणार नाही. बोलणी चालू असतानाच ३० एप्रिलला संध्याकाळी पेशव्याने त्याच्या छावणीवर एकाएकी हल्ला केला. दमाजीला पकडलं. त्यानंतर दमाजीने पेशव्याला कधी उजव्या हाताने मुजरा केला नाही, डाव्यानेच केला, अशी आठवण ग्रँट डफने नोंदवली आहे.

दाभाड्यांनाही धरलं. उमाबाईही कैदेत. आधी पुण्यात, मग या लोकांना लोहगडावर ठेवलं. लोहगड तळेगावपासून लांब नाही. पुण्या-मुंबईच्या गाडीने जाताना दोन्ही एकाच टप्प्यात लागतात. स्वतःच्या मुलखाच्या डोक्यावर कैदेत बसायचं!

आणि मालकिणीला विचारल्याशिवाय काही कबूल करता येणार नाही म्हणणारा दमाजी? वर्षभर कैदेत काढल्यावर १७५२ मध्ये त्याने पेशव्याशी करार केला. दाभाड्यांची बाजू सोडली. अर्धा गुजरात पेशव्याला, उरलेला अर्धा गायकवाडाला, आणि दाभाड्यांच्या पोटगीची रक्कम गायकवाडाने द्यायची. चाकराच्या हातून पोटगी. दमाजीला मी दोष देत नाही, कैदेत मुलाबाळांसकट किती दिवस काढायचे? पण उमाबाईला ही बातमी कोणी आणि कशी सांगितली असेल, हे मात्र मनात येतं. त्याच वर्षी सप्टेंबरात ताराबाईने जेजुरीच्या खंडोबासमोर शपथ घेऊन रामराजा आपला नातू नाही असं सांगून टाकलं आणि पेशव्याशी जुळवून घेतलं. ती आणखी नऊ वर्षं जगली. पानिपतची बातमीसुद्धा ऐकली. उमाबाईच्या मागे मात्र कोणी उरलं नाही.

२८ नोव्हेंबर १७५३ ला पुण्यात नडगेमोडीला उमाबाई वारली. यशवंतराव पुढच्या वर्षी मे महिन्यात गेला.

जाता जाता एक. रियासतकार सरदेसाई आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले, गोविलचे, आणि नोकरी आयुष्यभर बडोद्याच्या गायकवाडांकडे. त्यांनी पेशवे दफ्तराचे जे ४५ खंड काढले त्यातला बारावा दाभाड्यांवर आहे. पेशव्यांच्या मुलखातला माणूस, गायकवाडांचा पगार, आणि कागद काढले दाभाड्यांचे! ज्यांना मोडी वाचायचा कंटाळा आहे (म्हणजे आपण सगळेच) त्यांच्यासाठी तो खंड बालबोधीत छापलेला आहे.

उमाबाईची समाधी तळेगाव दाभाडे इथे बनेश्वराच्या देवळापाशी आहे. चिंचवड-निगडीला आमची बरीच भाचेमंडळी राहतात. लोकलने अर्ध्या तासाचा रस्ता. एखाद्या रविवारी कोणी गेलंच तर समाधीचे फोटो काढून पाठवा, आणि दगडावर काही अक्षरं कोरलेली असली तर ती नीट उतरवून आणा. फुसफुशीत मोबाईलचा फोटो नको, अक्षरं वाचता आली पाहिजेत.